बोतार्गा कोण होता ते सांगायचं नाही

प्रदर्शनातल्या त्या कार्डावर ‘क्लाऊन कॉस्च्यूम, स्पेन’ असं छापलं होतं. खाली ते कपडे वापरणाऱ्याचं नाव, शेजारी त्याचा फोटो, आणि एक ओळ : ‘कमरेला गमतीच्या घंटा’. हे कार्ड बदलून घ्यायला मी गेलो होतो. मी म्हणजे नववीत शाळा सोडलेला, न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला किचनमध्ये काम करणारा माणूस. समोर बसणार होते स्पॅनिश शिकवणारे प्राध्यापक. मी अर्धा तास आधीच पोहोचलो होतो, आणि सायकलला कुलूप लावलंय की नाही हे तीनदा बाहेर जाऊन बघून आलो होतो.

स्वभावच तसा. फॉर्म भरायला घेतला की ‘शिक्षण’ या रकान्यापाशी पेन अडतं. त्यात या देशाचे माझ्यावर उपकार. पन्नाशी उलटल्यावर मला काम दिलं, फुकट इंग्रजीचा वर्ग दिला, बायकोचा गुडघा बदलून दिला. ज्यांनी एवढं केलं त्यांच्यासमोर तोंड वर करून बोलायचं नाही, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. या कार्डापायी नाही मानलं. एकदाच नव्हे, दोनदा मानलं नाही, आणि त्यातल्या पहिल्या वेळी मी स्वतःच चुकलो होतो. म्हणून हे लिहितोय.

मी रत्नागिरीकडचा. वडील गेले तेव्हा नववीत होतो. मामाच्या ओळखीने बोटीवर लागलो, भांडी घासायला. पुढे एका स्पॅनिश मासेमारी बोटीवर स्वयंपाकी म्हणून अकरा वर्षं काढली. ती भाषा मी कांदे सोलता सोलता शिकलो. तिचं व्याकरण मला आजही येत नाही. शिव्या येतात, मसाल्यांची नावं येतात, वाऱ्याची नावं येतात, आणि माणसं एकमेकांची चेष्टा कशी करतात ते येतं. मुलगी नर्स होऊन इकडे आली, तिच्या पाठोपाठ आम्ही दोघं आलो, तेव्हा वाटलं, आता ही भाषा गेली समुद्रात.

आमच्या किचनमध्ये वॉर्डातून परत आलेले ट्रे नीट बघायची पद्धत आहे. कोणी काय टाकलं यावरून पेशंटचं कळतं. एका बाईचा ट्रे तीन दिवस जसाच्या तसा परत येत होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, खुबा मोडलेल्या. म्हातारपणात इंग्रजी विसरत चाललेल्या. वॉर्डातून विचारणा झाली, किचनमध्ये कोणाला स्पॅनिश येतं का? मी हात वर केला, आणि वर केल्या केल्या घाबरलो. वर जाऊन त्यांना विचारलं, ‘सेन्योरा, जेवत का नाही?’

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मुला, तू खलाशांसारखा बोलतोस.’

‘खलाशीच आहे मी.’

‘मग तुला तरी कळेल. यात लसूण नाही.’

घरी सोडल्यावर मी त्यांच्यासाठी शिळ्या पावाचं, लसणीचं, वर अंडं फोडलेलं सूप डब्यातून नेऊ लागलो. दर रविवारी. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते, मूलबाळ नव्हतं. एका रविवारी त्यांनी कपाटाखालची पेटी काढायला लावली. आत लाल-पिवळ्या-हिरव्या तुकड्यांचा एक अंगरखा आणि विजार, लाकडाचा रंगवलेला, वेडावणारा मुखवटा, हातभर सोटा, आणि जाड चामड्याच्या पट्ट्याला अडकवलेल्या घंटा. गुरांच्या गळ्यातल्या, खऱ्या, काळ्या पडलेल्या.

‘बोतार्गा,’ त्या म्हणाल्या.

हा शब्द मी बोटीवर कधी ऐकला नव्हता. तो त्यांच्या डोंगरातल्या गावाचा. भर थंडीत, कार्निव्हलच्या आधीच्या दिवसांत, हा बोतार्गा गावात शिरतो. घंटांचा आवाज आला की पोरीबाळी पळतात, तो दारोदार जातो, सोट्याने फटके देतो, खायला मागतो. त्या सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची वाडी. शिमग्यात आमच्याकडे संकासूर येतो. काळे कपडे, काळी टोकदार टोपी तोंडावरून ओढलेली, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात वेताची काठी. आमच्या वाडीत तो मान माझ्या चुलत्याचा होता. त्याच्यानंतर माझ्याकडे यायचा होता. पण मी बोटीवर गेलो, आणि तो पट्टा दुसऱ्या कोणाच्या तरी कमरेला बांधला गेला.

पामर्स्टन नॉर्थमधल्या एका छोट्या कलाकेंद्रात तेव्हा प्रदर्शन ठरत होतं. इथे येऊन राहिलेल्या लोकांचे सणासुदीचे कपडे. सेन्योरांनी पेटी द्यायची ठरवली. शब्दांची यादी मी केली, शेजारी मला येईल तसं इंग्रजी लिहिलं. मुखवटा, घंटा, सोटा. बोतार्गापुढे मी रेघ मारून ठेवली होती, कारण मला शब्द सापडला नव्हता. माझं इंग्रजी नीट करायला यादी प्राध्यापकांकडे गेली, आणि तिकडून ते कार्ड छापून आलं.

मी कार्डाचा फोटो घरी दाखवला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, इट्स फाइन. कशाला पंगा घेताय? प्रोफेसर आहेत ते.’

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, ‘आपल्या शिमग्याला हे गृहस्थ पंचवीस वर्षं हजर नव्हते. आता स्पेनच्या शिमग्याची पालखी खांद्यावर घेतायत.’

‘अगं, पण क्लाऊन? जोकर? त्या म्हातारीचा नवरा जोकर होता का?’

‘मग जा आणि सांगा. घरात ओरडून काय होणार?’

म्हणून गेलो. प्रदर्शनवाल्या बाई मला ‘किया ओरा’ असा माओरीत नमस्कार करून आत घेऊन गेल्या. प्राध्यापक भला माणूस. पन्नाशीचा, जर्सीच्या कोपरांना ठिगळं. त्यांनी डिक्शनरी उघडून दाखवली. त्यात बोतार्गाचा अर्थ होता : रंगीबेरंगी, हास्यास्पद पोशाख. ‘क्लाऊन इज द क्लोजेस्ट,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘सर, क्लाऊन लोकांना हसवायला येतो. याला बघून लोक पळतात. आणि पळून झाल्यावर मार खायला परत येतात.’

‘परत का येतात?’

‘ज्याला फटका बसला नाही त्याचं वर्ष फुकट.’

ते हसले आणि वही पुढे ओढली. मला जोर चढला. गमतीच्या घंटा म्हणजे काय? या घंटा गाईंच्या आहेत, त्या बांधून डोंगर चढून बघा, गंमत कळेल. मी उभा राहून बोलत होतो. इंग्रजी तुटत होतं. तुटू दे म्हटलं. कमरेला झटका देऊन संकासूर कसा नाचतो तेही करून दाखवलं. शेजारच्या खोलीत चित्रकलेचा वर्ग चालला होता, तिथल्या दोन बाया दारातून डोकावल्या.

‘मग तुमच्या मते शब्द कोणता?’ प्राध्यापकांनी विचारलं.

आणि मी छाती पुढे काढून सांगितलं, ‘डेमन. राक्षस. पण चांगला राक्षस. सगळ्या गावाचा.’

त्यांना ते फार आवडलं. ‘व्हिलेज डेमन,’ त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. नाव आणि फोटो तसेच राहिले. मला त्यात काही खटकलंच नाही. उलट वाटलं, माणसाला मान मिळतोय.

सायकलवरून घरी येताना मी चक्क गात होतो. शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला गेलो तिथेही सांगितलं. पुण्याकडचे एक इंजिनियर आहेत, ते म्हणाले, ‘काका, तुम्ही स्पॅनिशच्या प्रोफेसरला करेक्ट केलंत? हीप्स ऑफ रिस्पेक्ट!’ पुढे हळूच विचारलं, ‘पण तुमचं एज्युकेशन काय म्हणालात?’ मी श्रीखंड वाढून घेतलं. मुलगी म्हणाली, ‘स्वीट ॲज, बाबा,’ म्हणजे इकडच्या बोलीत झकास. बायको एवढंच म्हणाली, ‘त्या आजींना विचारलंत का हे राक्षसाचं?’

नव्हतं विचारलं. गरजच वाटली नव्हती. मला सगळं माहीतच होतं ना.

रविवारी डबा घेऊन गेलो तेव्हा नवीन कार्डाचा कागदही नेला. दाखवायला. सेन्योरांनी चष्मा लावला. इंग्रजी विसरल्या होत्या, पण तो एक शब्द त्यांच्या भाषेतही जवळपास तसाच आहे. तो त्यांना कळला. कागद त्यांनी टेबलावर उपडा ठेवला.

‘हे त्या प्रोफेसरने लिहिलं?’

‘नाही. मी सांगितलं.’

‘माझा नवरा सैतान होता?’

मी समजावू लागलो. आमच्याकडे असाच एक असतो, सेन्योरा, माझा काका बनायचा, आम्ही त्याला असुर म्हणतो पण त्याला कोणी वाईट मानत नाही, बायका आपली तान्ही मुलं त्याच्या हातात देतात...

‘तुझ्याकडे!’ त्यांनी सोट्यासारखी कुबडी आपटली. ‘तुझ्या गावातला तुझ्या गावात ठेव. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं म्हणून त्याने विदूषक केला. तुला माहीत होतं. तुला मी सांगितलं होतं. आणि तू माझ्या नवऱ्याच्या अंगावरून त्याचे कपडे काढलेस आणि तुझ्या काकाचे चढवलेस. मुखवटा परत आण. मला काही ठेवायचं नाही तिथे.’

सूप निवत होतं. शाळेत छडी खाल्ली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. पण उठून जावंसंही वाटेना. मग मी विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं ते. ‘गावात त्यांना काय म्हणायचे, सेन्योरा? ते कपडे घातल्यावर?’

‘काही नाही. कोणी नावाने हाक मारत नसे. कोण आहे ते माहीत नसतं.’

‘एवढंसं गाव, आणि माहीत नसतं?’

‘सगळ्यांना माहीत असतं,’ त्या म्हणाल्या. ‘पण माहीत नसतं.’

मग सांगू लागल्या. त्या दिवशी तो पहाटे अंथरुणातून उठून जायचा. त्या डोळे मिटून पडून राहायच्या. दुपारी घंटा वाजायच्या आणि बोतार्गा त्यांच्याही दाराशी यायचा. त्या दार उघडायच्या, परक्याला द्यावं तसं सॉसेज आणि वाईन द्यायच्या. तो खांद्यावर एक फटका द्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. संध्याकाळी नवरा घरी यायचा, नेहमीच्या कपड्यात, हात धुवायचा, जेवायला बसायचा आणि विचारायचा, ‘काय गं, आज बोतार्गा आला होता का?’

‘आणि तुम्ही?’

‘मी म्हणायचे, आला होता. यंदा जोरात मारलं.’ त्यांनी डावा खांदा चोळला. ‘इथे आल्यावर पेटी कधी उघडली नाही त्याने. इथे फेब्रुवारीत उन्हाळा. रबरी जँडल्स घालून कुठे घंटा बांधणार? पण जेवताना विचारायचा. दर वर्षी, त्या तारखेला.’

मग त्यांनी कागद सुलटा केला आणि यजमानांच्या नावावर बोट ठेवलं. ‘आणि हे. लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली होती, मी कधी बोलले नाही. तुम्ही फोटोसकट भिंतीवर लावताय.’

तेव्हा मला आमची वाडी पुन्हा आठवली, पण वेगळी. मी सहा-सात वर्षांचा असताना संकासुराच्या चालीवरून ओळखून ‘काका!’ म्हणून ओरडलो होतो. आईने सगळ्या वाडीसमोर माझ्या थोबाडीत दिली. संकासुराला नातं नसतं, म्हणाली. घुंगरं, काठी, दाढी, सगळं माझ्या लक्षात राहिलं होतं, आणि एवढीच गोष्ट मी विसरलो होतो.

‘मुखवटा परत आणायला सांगू नका,’ मी म्हटलं. ‘मला एकदा परत जाऊ द्या.’

‘आता त्याचं काय करणार आहेस? भूत?’

‘काहीच करणार नाही. तेच सांगायला जातो.’

हे दुसऱ्यांदा जाणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. उद्घाटनाला चार दिवस राहिले होते. पहिल्यांदा मी त्यांची चूक सांगायला गेलो होतो, आता स्वतःची सांगायची होती. तीही नाचून दाखवलेली. मी सायकलचं कुलूप एकदाच बघितलं.

प्राध्यापकांना म्हटलं, ‘सर, डेमन चूक आहे. माझ्या गावात बरोबर आहे. त्यांच्या गावात नाही. मी माझं त्यांच्यावर लादलं.’

ते रागावले नाहीत. थकल्यासारखे दिसले. ‘मग परत क्लाऊन?’

‘नाही.’

‘काहीतरी लिहावं लागेल ना. लोकांना कळायला हवं.’

‘बोतार्गा लिहा.’

‘तो शब्द इथे कोणालाच माहीत नाही.’

मला वाटतं तेव्हा माझी भीती संपली. किंवा संपली नाही, बाजूला बसून राहिली. मी म्हटलं, ‘सर, मी या देशात आलो तेव्हा पहिल्या दिवशी बस ड्रायव्हर मला किया ओरा म्हणाला. त्याचं इंग्रजी करून कोणी मला दिलं नाही. मी ऐकत राहिलो, म्हणत राहिलो, कळलं. जमिनीत पुरून शिजवलेलं हांगीचं जेवण असतं तेव्हा पाटीवर हांगीच लिहिता ना? हाकाचा नाच बघायला जाता तेव्हा दुसरं काही म्हणता का? इथल्या माओरी माणसांनी आपले शब्द सोडायचे नाहीत म्हणून केवढं भांडण केलं, माझी मुलगी मला सांगते. मग या एका म्हातारीचा एक शब्द तुमच्या भिंतीला जड होईल का?’

प्रदर्शनवाल्या बाई इतका वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांची आजी माओरी, हे मला त्यांनीच मागच्या वेळी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘ही इज राइट.’ एवढंच. मग खुर्ची ओढून बसल्या. ‘शब्द ठेवू. पण खाली काही ओळी द्या. तो काय करतो ते.’

मी सांगत गेलो, प्राध्यापक टाइप करत गेले. तो हिवाळ्यात येतो. तुम्ही पळता. तो पकडतो आणि मारतो, आणि तुम्हाला आनंद होतो. तुम्ही त्याला खायला देता. व्याकरण नीट करायला ते थांबले, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझी वाक्यं होती तशीच ठेवली. त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही.

‘आणि कोणी वापरला? नाव तर हवंच,’ बाई म्हणाल्या. ‘प्रत्येक कार्डावर आहे.’

‘याच्यावर नको.’

‘पण आपल्याला माहीत आहे.’

‘सगळ्यांना माहीत असतं,’ मी म्हटलं. ‘पण सांगायचं नाही. नाव लिहिलं तर हा कपड्यांचा नुसता जोड आहे, बोतार्गा नाही. मग मी पेटी घेऊन जातो. आत्ता. सायकलवर.’

असं मी कोणाला आयुष्यात बोललो नव्हतो. बाईंनी फोटो फाइलमध्ये घातला आणि फाइल बंद केली.

जाताना त्यांनी एक फॉर्म दिला, भाषांतराला मदत करणाऱ्यांसाठी. त्यात तो रकाना होताच. मी ‘नववी’ असं लिहिलं, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, आणि पेन अडलं नाही.

उद्घाटन शनिवारी सकाळी. जुलैचा गारठा, जमिनीवर पांढरं दव. मुलीने सेन्योरांना गाडीतून आणलं. बायकोने पैठणीवर माझं जाकीट चढवलं होतं. मंडळातले इंजिनियरही आले, कार्ड वाचून म्हणाले, ‘काका, पण ट्रान्सलेशन कुठेय?’ मी म्हटलं, ‘हेच.’

सेन्योरा कुबडी टेकत त्या काचेपाशी गेल्या. वर बोतार्गा, खाली माझी मोडकीतोडकी चार वाक्यं. आणि वापरणाऱ्याच्या जागी : ‘गावात विचारलं जात नाही.’ एक बाई त्यांच्या शेजारी उभी होती. तिने सहज विचारलं, हे कोणाचं होतं, तुम्हाला माहीत आहे का?

सेन्योरांनी नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मुखवटा, घंटा, सोटा. जणू पहिल्यांदाच बघतायत. मग मान हलवली. ‘नो,’ म्हणाल्या. हे इंग्रजी त्यांना येत होतं.

ती बाई पुढे गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मग त्यांच्या भाषेत, खलाशाच्या बोलीत विचारलं, ‘काय सेन्योरा, बोतार्गा आला होता का?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावा खांदा तेवढा चोळला.

‘आला होता,’ म्हणाल्या. ‘यंदा जोरात मारलं.’